आजोबांची पन्नास इंची होडी आणि एक गायकवाडी ढब्बू



गेल्या संक्रांतीच्या सुमारास मी इथे एका होडीचा फोटो टाकला होता. गडद हिरवं अंग, पांढरी शिडं आणि शेजारी खुर्चीत बसलेले आमचे थोरले काका. बऱ्याच जणांनी विचारलं, की ही खेळण्यातली होडी एवढी मोठी कशी, आणि बडोद्यात ती आली कुठून? दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तेव्हा नुसते हात जोडले. आज सविस्तर लिहितो. त्यात माझी दोन पापंही आहेत, तीही सांगून टाकतो.

आमचं घर दांडिया बाजारातलं, चार पिढ्यांचं. आजोबा कलाभवनात सुतारकाम शिकवायचे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं हे कलाभवन नव्या मुलांना आता फक्त इंजिनिअरिंग कॉलेजची जुनी इमारत म्हणून माहीत आहे. पण त्या काळी तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम असं सगळं शिकवलं जायचं. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी विद्यापीठ सुरू झालं आणि कलाभवन त्यात गेलं.

आजोबांना १९३६ साली बडोदे सरकारनं दोन वर्षं विलायतेला धाडलं. गेले ते लाकडाची यंत्रं शिकायला, पण घरात त्यांच्या तोंडून जास्त ऐकलं गेलं ते लंडनच्या एका तळ्याबद्दल. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये राउंड पाँड नावाचं तळं आहे. तिथे रविवारी सकाळी मोठमोठी, टोपी घातलेली माणसं हातात होड्या घेऊन यायची. आजोबांना आधी वाटलं, पोरांसाठी आणल्या असतील. मग पाहतात तो ही माणसं स्वतःच शिडं बांधतायत, वारा बघतायत, होडी पाण्यात सोडून तळ्याच्या काठानं धावतायत. पोरं बाजूला उभी!

या होड्या म्हणजे शोभेच्या प्रतिकृती नव्हेत. त्या शर्यतीसाठीच बांधलेल्या असतात, आणि प्रत्येक वर्गाचे नियम ठरलेले असतात. आमची होडी ज्या वर्गातली, त्याचं नाव मार्बलहेड. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये मार्बलहेड नावाचं गाव आहे, तिथल्या रॉय क्लफ यांनी १९३० च्या सुमारास हा वर्ग सुरू केला. नियम अगदी सोपा: लांबी ५० इंच आणि शिडांचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त ८०० चौरस इंच. बाकी आकार तुम्ही कसाही काढा. त्याआधीच्या मोठ्या वर्गांच्या होड्या न्यायला-आणायला अवजड होत्या. ही मोटारीच्या मागच्या सीटवर मावते. म्हणून ती लवकर पसरली आणि काही वर्षांत विलायतेतही आली.

आजोबांनी परतताना तयार होडी आणली नाही, तेवढे पैसेच नव्हते. आणला फक्त एक नकाशा, घड्या घातलेला. महाराज ६ फेब्रुवारी १९३९ ला गेले, त्या वर्षीच्या पावसाळ्यात आजोबांनी होडी करायला घेतली, असं काका सांगतात. विलायतेत यासाठी पाइन किंवा सीडर वापरायचे. आजोबांनी शिवण घेतली. हलकी, कोरायला मऊ आणि वाकडी न होणारी. पद्धत अशी, की पाच फळ्यांना नकाशाप्रमाणे वेगवेगळे आकार द्यायचे, एकावर एक रचून जोडायच्या, मग बाहेरून रंध्यानं पायऱ्या उतरवायच्या आणि आतून पटाशीनं पोकळ करायचं. विलायतेत या रचनेला ब्रेड-बटर म्हणतात. आमची आजी म्हणायची, "भाकरीची चवड."

होडी झाली १९४० मध्ये. काका तेव्हा आठ वर्षांचे.

आता खरी गंमत. या होडीत माणूस बसत नाही आणि त्या काळी रेडिओचा रिमोट नव्हता. मग सुकाणू कोण धरणार? वाराच. त्याची पहिली युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात जॉर्ज ब्रेन यांनी काढली. शिडाची दोरी सुकाणूच्या माथ्यावरच्या पितळी चकतीला जोडायची. वाऱ्याचा जोर वाढला की दोरी ताणते आणि सुकाणू वळतं. जोर कमी झाला की रबर त्याला परत मधोमध आणतं. दुसरी युक्ती नॉर्वेकडून आली. सॅम बर्गे नावाच्या गृहस्थांनी १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या शर्यतीत अशी होडी आणली, जिच्या पाठीमागे पातळ लाकडाचं एक उभं पान होतं, देवळावरच्या वातकुक्कुटासारखं वाऱ्यावर फिरणारं. ते एका दांडीनं सुकाणूला जोडलेलं. होडी ठरलेल्या दिशेवरून ढळली, की पानाला वारा वेगळ्या कोनातून लागतो, पान फिरतं, सुकाणू वळतं आणि होडी परत वाटेवर येते. निघताना पानाचा कोन नीट लावायचा आणि होडी सोडायची. पुढचं तिचं ती बघते.

शर्यतीत एका वेळी दोन होड्या सोडतात. तळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाऱ्याविरुद्ध जिंकली तर ३ गुण, वाऱ्याबरोबर जिंकली तर २. प्रत्येक होडीबरोबर दोन माणसं, एकेक काठावर. होडी काठाला आली, की काठीनं तिला वळवून परत सोडायचं. आमच्याकडे शर्यत नव्हती, कारण होडीच एक. पण माणसं दोन होती: आजोबा आणि काका. पहाटे सूरसागरच्या काठावर आजोबा होडी सोडायचे आणि काका पलीकडे बांबू घेऊन उभे असायचे. "मी तिला कधी सोडली नाही रे," काका मला म्हणाले होते, "मी नेहमी घेणारा. सोडणारे वडील."

आजोबा १९५८ ला गेले. होडी माळ्यावर चढली.

आता माझं पहिलं पाप. १९८३ मध्ये मी बँकेत नुकताच लागलो होतो. माळा आवरताना होडी निघाली. बाजूला बोटभर लांब चीर गेलेली. मला वाटलं, आपण हिला नवी करू. एका गॅरेजमधून मोटारीला भरतात ती लांबी आणली, चीर भरली, मग हात लागला म्हणून सगळ्या अंगावरच चढवली. वर लाल एनॅमल मारला. होडी चकाचक झाली. दिवाणखान्यात टीव्हीवर ठेवली. काका आले, बघितलं, काही बोलले नाहीत. मला वाटलं, खूश झाले.

तीन वर्षांपूर्वी निवृत्तीनंतर तिला हातात घेतलं, तेव्हा लाल रंगाला फुगे आले होते. टिचकी मारली की ठिकठिकाणी बोदा आवाज. आतून ओल शिरत राहिली आणि बाहेरच्या लांबीनं ती सुकू दिली नाही. चाळीस वर्षं लाकूड आतल्या आत कुजत होतं. चीर तशीच ठेवली असती तर फक्त चीरच राहिली असती.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता काढ."

काढायला पाच महिने लागले. केस वाळवायच्या यंत्रानं थोडं गरम करायचं, लांबी मऊ झाली की बोथट पटाशीनं खरवडायची. दिवसाला पोस्टकार्डाएवढी जागा. खाली आजोबांचा हिरवा रंग लागला. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून तिथे कोरडा पॉलिशपेपर अजिबात वापरला नाही. ओलं फडकं, हातमोजे, तोंडाला मास्क. नातवंडांना त्या खोलीत बंदी. ज्यांच्या घरी अशी रंगवलेली जुनी लाकडी वस्तू आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

सगळी लांबी निघाल्यावर टेप लावला. आधी लांबी भरायची साडेपन्नास इंच, त्यामुळे ही नक्की कुठल्या वर्गाची हे कळत नव्हतं. आता भरली बरोब्बर ५०. जुनी शिडं पसरून मापली. मोठं शीड ६२ इंच उंच, १७ इंच रुंद. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ५२७. पुढचं ४५ बाय १२, म्हणजे २७०. बेरीज ७९७. आजोबांनी तीन चौरस इंच हातचे राखले होते! ज्या शहरात दुसरी होडी नाही, शर्यत नाही, मोजायला कुणी येणार नाही, तिथे त्यांनी नियम पाळला होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

डेकवर मागच्या बाजूला चार छोटी भोकं बुजवलेली दिसली, लाकडी खिळ्या ठोकून. त्यांच्यामधलं अंतर मापलं आणि जुन्या नकाशाशी ताडून पाहिलं. ती ब्रेनच्या चकतीची जागा होती. म्हणजे आजोबांनी आधी जुनी युक्ती बसवली, नंतर कधीतरी ती काढून वाऱ्याचं पान बसवलं. पानाच्या दांड्या बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याच्या आहेत, आतल्या बाजूला छापील अक्षरं अजून दिसतात. लढाईच्या दिवसांत पितळ कुठून मिळणार?

कुजलेला भाग तळहाताएवढा निघाला. तिथे नवीन लाकूड बसवायचं तर शिवणच हवी. आमच्या मिस्त्रींनी दोन वखारी पालथ्या घातल्या. शेवटी बायको म्हणाली, "तो मोडका पाट आहे ना, तो कशाचा आहे?" आजीच्या वेळचा पाट, एक पाय गेलेला. शिवणीचाच निघाला. त्याचा तुकडा होडीच्या कुशीत बसला. रेषा इतक्या जुळल्या, की रंग लावायच्या आधी फोटो काढून ठेवला.

फळ्यांच्या जोडांत आजोबांनी सफेदा भरून पितळी स्क्रू मारले होते, म्हणून त्या उकलता आल्या. बाकी सगळं मी पुन्हा उकलता येईल असं केलं. फक्त पाण्याखालच्या जोडांना आजचा पाण्यात टिकणारा गोंद वापरला. तिथे जुनेपणाचा हट्ट धरला असता तर होडी बुडाली असती. तळाला शिशाचा लंबुळका गोळा आहे, साडेपाच किलोचा. सगळी होडी नऊ किलोची. त्याचे लोखंडी बोल्ट गंजून भुगा झाले होते, ते बदलले.

शिडं बायकोनं शिवली. जुनं सुती कापड बोट लावलं की फाटत होतं, ते मापासाठी ठेवलं आणि दाट विणीचं नवं सुती कापड आणलं. मी ते कसंही कापायला निघालो होतो. ती म्हणाली, "थांबा. जुन्याचा उभा धागा बघा कुठल्या कडेला आहे." शिडाच्या मागच्या मोकळ्या कडेला समांतर होता. तिरकं कापलं तर ती कड ताणून लोंबायला लागते, आणि लोंबलेलं शीड वारा धरत नाही. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला जे कळतं, ते बँकवाल्याला कसं कळणार?

याच सुमारास न्यू जर्सीतल्या चुलतभावाचा फोन. त्याचं म्हणणं होतं, "दादा, रेडिओ बसव. इकडे जुन्या मार्बलहेडची हौशी मंडळी शर्यती लावतात, रेडिओ बसवूनच. एक मोटर शिडाला, एक सुकाणूला. काठावर बसून चालव." त्याचं चूक नव्हतं. अमेरिकेत जुन्या होड्या अशाच पाण्यावर टिकल्या आहेत, नाहीतर कपाटात गेल्या असत्या. शिवाय काका ९१ चे. त्यांना धावायला कुठे लावणार? पण त्यासाठी डेकला भोक पाडावं लागणार होतं. एकदा मी हिला न विचारता सुधारलं होतं. दुसऱ्यांदा हिंमत झाली नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "रिमोट असेल तर मी पलीकडे कशाला उभा राहू?"

प्रश्न मिटला.

पाणी कुठलं, हा पुढचा प्रश्न. सूरसागर आता भिंतींनी आणि गर्दीनं वेढलेला, मधोमध महादेव उभे. आजव्याला जायचं तर तिथे मगरी. शेवटी सावली तालुक्यात बायकोच्या मैत्रिणीच्या गावचं तळं ठरलं, लांबट, एका बाजूला पाळ. दिवस वासी उत्तरायणाचा, १५ जानेवारी, कारण आदल्या दिवशी पतंगांना मस्त वारा होता. घरातून विरोध झाला. "किंक्रांत आहे. किंक्रांतीला नवं काम सुरू करत नाहीत."

काका म्हणाले, "नवं कुठं? जुनंच तर आहे."

पण किंक्रांतीनं आपला हिसका दाखवलाच. होडी पाण्यात सुरेख बसली, एक थेंब आत आला नाही. पानाचा कोन लावून सोडली. पाच-सात हात छान गेली, मग वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, पान लोंबून खालच्या बाजूला पडलं, सुकाणू भलतीकडे वळलं आणि ती गर्रकन फिरून शिंगाड्याच्या वेलांत घुसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. गावातली पोरं हसून हसून लोळायला लागली. मी गुडघाभर चिखलात.

पलीकडच्या काठावरून काका ओरडले, "पैसा कुठे आहे?"

मला कळेना. वाटलं, शिंगाडेवाल्याला नुकसानभरपाई द्यायची म्हणतायत.

"अरे, पानाच्या दुसऱ्या टोकाचा पैसा! वडिलांनी झाळला होता तो!"

आणि मला माझं दुसरं पाप आठवलं. मी अकरा वर्षांचा होतो. नाणी जमवायचा नाद होता. माळ्यावर चोरून चढलो असताना होडीवर एक तांब्याचं जाड नाणं दिसलं, तलवार आणि घोड्याचा खूर असलेला गायकवाडी ढब्बू. मला वाटलं, शोभेला लावलाय. पक्कडीनं उपटला. दांडीच्या टोकाला झाळणाचा डाग तेवढा राहिला होता. दुरुस्ती करताना तो डाग मी दहा वेळा पाहिला, पण तो काय म्हणतोय हे कधी विचारलं नाही.

तो पैसा म्हणजे पासंग. पान एका बाजूला, पैसा दुसऱ्या बाजूला. दोघं तोलात असले, की होडी कितीही कलली तरी पान आपल्या वजनानं पडत नाही. त्याला फक्त वाराच फिरवू शकतो. पैसा काढला की पान वाऱ्याचं ऐकत नाही, उताराचं ऐकतं.

परतताना गाडीत मी काकांना सगळं सांगितलं. नाण्याचं आणि लांबीचंही. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "लांबीचं मला तेव्हाच दिसलं होतं. पण तू इतक्या हौसेनं केलं होतंस. बोलायला हवं होतं मी." थोड्या वेळानं म्हणाले, "पैसा आहे का पण?"

होता. शाळेतल्या कंपासपेटीत, बाकीच्या नाण्यांबरोबर. त्याच्या पाठीवर झाळणाचा थेंब तसाच. तो त्याच डागावर परत बसवला. पान आडवं धरून बघितलं. जिथे ठेवाल तिथे थांबत होतं.

पुढच्या रविवारी परत गेलो. वारा हलका, सरळ. काकांसाठी पलीकडे खुर्ची ठेवली होती, ते बसले नाहीत. हातात बांबू घेऊन उभे राहिले, एका हातानं माझ्या मुलाचा खांदा धरून. मी कोन लावला आणि होडी सोडली. ती कलली, पान थोडं थरथरलं, सुकाणू किंचित वळलं, आणि ती तळ्याच्या मधोमध एक रेघ ओढत गेली. शिंगाड्याच्या वेलांपासून चार हात अंतर राखून. पोरं यावेळी हसली नाहीत, काठानं तिच्याबरोबर धावत सुटली.

काकांनी बांबूनं तिचं नाक हलकेच अडवलं, वळवलं, खाली वाकून पानाचा कोन बदलला. त्यांची बोटं थरथरत होती, पण कोन एका झटक्यात लागला. मग क्षणभर थांबले. बांबू मुलाच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी होडी माझ्या दिशेनं सोडली.

ऐंशीएक वर्षांत काकांनी ती पहिल्यांदा सोडली होती, आणि मी पहिल्यांदा घेतली.

मंडळी, तुमच्याही माळ्यावर काहीतरी असेलच. सतार असेल, हातमाग असेल, विहिरीचा रहाट असेल. दुरुस्त जरूर करा. पण रंगाचा डबा उघडायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा त्या वस्तूसमोर बसवा आणि विचारा, की यातलं काय कमी आहे. आणि लहानपणी काही उपटलं असेल, तर कंपासपेटी एकदा बघून घ्या.

सूरसागरवर अशी होडी पाहिल्याचं कुणाच्या आई-वडिलांनी, आजोबा-आजींनी सांगितलं असेल तर खाली जरूर लिहा. काका रोज संध्याकाळी माझ्याकडून प्रतिक्रिया वाचून घेतात.